पहिली की दुसरी?

दुकानात दिवसभर काचा बदलून "पहिली बरी की दुसरी?" असं विचारता विचारता चष्मेवाल्याला एक खोड जडली होती. गिऱ्हाईक उगाच ठोकून देतंय असा संशय आला, की तो डोळ्यापुढची काच काढायचा, तीच पुन्हा बसवायचा आणि साळसूदपणे विचारायचा, "आता?" "आता एकदम लख्ख!" असं कुणी म्हटलं, की त्याला मनातून उकळ्या फुटायच्या.

बायकोला ही खोड पुरती ठाऊक होती, आणि म्हणूनच ती धास्तावली होती. तिचं छोटंसं हॉटेल शुक्रवारी सुरू व्हायचं होतं. ती आत स्वयंपाकात; पुढे उभं राहून लोकांचं स्वागत करायला आणि ग्लास भरायला एक माणूस हवा होता. चष्मेवाल्याला ते काम मनापासून हवं होतं. तिने इतकी वर्षं उराशी बाळगलेल्या गोष्टीत आपल्यालाही उभं राहण्यापुरती जागा असावी, एवढंच त्याचं म्हणणं. पण तिचा थोरला भाऊही टपलेला होता. तो वकील. हसून स्वागत करण्यापेक्षा उलटतपासणी घेण्यात त्याचा हातखंडा.

दोघांची जुंपली वाइनवरून. फ्रिज लहान, त्यामुळे पांढरी वाइन एकाच प्रकारची ठेवायची होती.

"झणझणीत जेवणाबरोबर ड्रायच हवी," वकील म्हणाला. "गोडाचा लवलेश नको. गोड वाइन म्हणजे खोकल्याचं औषध, जावईबापू!"

"अहो दादा, आधीच जिभेचा जाळ, त्यावर ड्राय म्हणजे आगीत तेल. किंचित गोड असली की तिखट कसं निवतं बघा."

"चाखून ठरवू," बायको म्हणाली. "ज्याचं खरं निघेल, तो शुक्रवारी पुढे उभा राहील."

रविवारी दुपारी रिकाम्या हॉटेलात तिघं बसले. बायकोने लाल मिरच्यांत परतलेली कोळंबी आणली. तिच्या नुसत्या वासाने वकिलाला ठसका लागला. चष्मेवाल्याने दोन्ही बाटल्या जाड कापडी पिशव्यांत घालून तोंडं बांधली होती. ड्रायला लाल दोरा, किंचित गोडसरला हिरवा. हे फक्त त्यालाच ठाऊक. वासाने ओळखायची सोय नव्हती, कारण फुलांचा आणि संत्र्याच्या सालीचा घमघमाट दोन्हींना सारखाच होता.

"पहिली की दुसरी?"

"पहिली!" वकिलाने लाल दोऱ्याची बरोबर ओळखली. "हीच खरी वाइन!" डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, कान लालबुंद झाले होते, पण माघार नाही. "तरी दुसरीची एकदा उलटतपासणी घेतो," म्हणून त्याने हिरव्या दोऱ्याची ग्लासभर ओतून घेतली. दर घासानंतर त्याची उलटतपासणी चालू राहिली. बायकोही बोलता बोलता तीच ओतून घेत होती, आणि चष्मेवालाही.

वकील काही ऐकेना, तेव्हा चष्मेवाल्याचा हात शिवशिवला. काउंटरमागे जाऊन त्याने सगळे ग्लास लाल दोऱ्याच्या बाटलीतूनच भरले.

"आता? पहिली की दुसरी?"

"पहिली! दुसरी शुद्ध सरबत!" वकील गरजला.

"मलाही दुसरी जरा मऊ लागतेय," बायको म्हणाली.

"एकच आहे!" चष्मेवाल्याने टाळी पिटली. "दोन्ही एकाच बाटलीतल्या!"

वकिलाचं तोंड पडलं. पण बायकोचाही चेहरा उतरला, आणि मग चष्मेवाल्याची दुसरी टाळी हवेतच राहिली.

"म्हणजे माझ्या जिभेत काही राम नाही," ती म्हणाली. "आणि शुक्रवारपासून मी लोकांना जेवायला घालणार."

"अगं, तुझी नाही, मी दादांची—"

"बस इथे. डोळे मिट."

चष्मेवाल्याने निमूट डोळे मिटले. कोळंबीचा घास खाल्ला, एका ग्लासातून घोट घेतला, मग दुसऱ्यातून. एवढी वर्षं दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न त्याच्या कानावर आला.

"पहिली ड्राय," तो ठामपणे म्हणाला. "दुसरी गोडसर. शेवटी मधाची चव येते बघ."

वकील इतका हसला की टेबल हललं. दोन्ही ग्लास लाल दोऱ्याच्या बाटलीतलेच होते.

"तू माझीच युक्ती माझ्यावर?"

"युक्ती कसली? दुसरी ओतायला गेले, तर हे बघ." तिने हिरव्या दोऱ्याची बाटली उलटी धरली. थेंबही पडला नाही. लाल दोऱ्याची अर्धीअधिक शिल्लक होती.

वकिलाने घसा खाकरला, पण हरकत काही घेतली नाही.

"चुकलो मी," चष्मेवाला हळूच म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "शुक्रवारी दादाच उभे राहू देत पुढे."

"गोडसरच संपली, म्हणजे वाइन तुझीच खरी निघाली ना? मग तूच उभा राहा," बायको म्हणाली. आता तिलाही हसू आवरेना. "पण कुणाची परीक्षा घेतलीस, तर थेट भांडी घासायला आत."

शुक्रवारी पहिल्या टेबलावर वकीलच येऊन बसला, कोट-टाय लावून.

"काय जावईबापू, वाइन कुठली?"

नेहमीचा प्रश्न चष्मेवाल्याच्या ओठांवर आला. त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि तो गिळला.

"एकच आहे, दादा. तीच, गोडसर."

"भरा," वकिलाने ग्लास पुढे सरकवला. "तिची उलटतपासणी अजून संपलेली नाही."