दातांनी ऐकणारे हुसेनचाचा

आळेफाट्याचे हुसेनचाचा मोटारी दातांनी ऐकायचे. विहिरीवरची मोटार दुकानात आली की ती चालू करायची, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवायचं आणि त्याची मूठ दातांत धरायची. डोळे मिटायचे. मग निकाल : "बेरिंग गेलंय. कॉइल बरी हाय."

येडगावच्या एका शेतकऱ्यानं टोमणा मारला, "चाचा, चव बी सांगा की!"

चाचा गंभीरपणे म्हणाले, "खारट. पाणी शिरलंय."

त्यांचं वैर एकाच गोष्टीशी होतं : घूं. मोटारीची, ट्यूबच्या पट्टीची, कसलीही. भिंतीला तळहात लावून शेजारच्या हॉटेलातला फ्रिज घुमतोय हे ते ओळखायचे आणि भर गिऱ्हाइकात जाऊन त्याच्याखाली पुठ्ठा सारून यायचे. कुणी सुनेचं गाऱ्हाणं घेऊन बसलं तरी सल्ला ठरलेला, "आधी घूं घालवा. मग बाकीचं."

मी पिंपळवंडीचा. नव्वदच्या दशकात गावच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. गिटार जुनी, तिसऱ्या हातची. जत्रेत जनरेटर सुरू झाला की गाण्याआधी माझ्या स्पीकरच्या बॉक्समधून घूं सुरू. लोक वर बघून म्हणायचे, "विमान आलं का, राव?" तालुक्यात तांब्याच्या तारेतलं कळणारा एकच माणूस मला माहीत होता. त्यांच्याकडे गेलो.

गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. चुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची गुंडाळी. पोलादी तार हलली की गुंडाळीत वीज उठते, आणि तीच बॉक्समधून आवाज होऊन येते. चाचांनी तो उघडून पाहिला. "ही एकटी हाय, सुभाष. एकटी हाय म्हणून घूं खाती. जोडीदार देऊ तिला."

मग त्यांनी दोन गुंडाळ्या भरायला घेतल्या. एक सुलटी, एक उलटी. मध्ये एकच पट्टी-चुंबक, म्हणजे एका गुंडाळीतल्या लोखंडी खिळ्यांना उत्तर टोक, दुसरीच्या खिळ्यांना दक्षिण. बाहेरची घूं दोघींत उलटसुलट येते आणि आपसात मरते. तारेचा आवाज मात्र दोघींचा मिळून दुप्पट जाड होतो. एकेकीला पाच हजार फेरे. मोजताना चाचा कुणाला ओळख द्यायचे नाहीत. एकदा मी चहा पुढे केला, त्यांचा आकडा चुकला, आणि त्यांनी निमूटपणे सगळी तार उलगडून पुन्हा एकपासून सुरुवात केली. मोटार घेऊन आलेले पाचजण बाकावर बसून मला शिव्या देत होते. शेवटी मोटारीसारखंच नव्या पिकअपलाही वार्निश पाजून पत्र्यावर उन्हात वाळवलं.

बसवायचा कुठे यावर आमचं भांडण झालं. मला तो गळ्याकडे हवा होता, तिथं आवाज गोड, गोल येतो. चाचांनी तारांवर जागोजागी स्क्रूड्रायव्हर टेकवून, मूठ चावून पाहिली आणि ब्रिजपाशी, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिथं, बोट ठेवलं. "हितं. घोडीपाशी तार लई हलत न्हाई, म्हणून नेमकं बोलती. लांब गेली की लाडात येती."

"कर्कश होईल, चाचा."

"एकटी असती तर झाली असती. आता जोडीनं हायेत."

खरंच तसं झालं. धार राहिली, पण धारेला अंग आलं. चाचांनी त्याच आठवड्यात दुकानाच्या पाटीवर 'मोटार रिवाइंडिंग'च्या खाली पिवळ्या रंगात एक ओळ वाढवून घेतली : 'गिटारची कॉइलही भरून मिळेल.'

आता जे लिहायचं ते लिहितो.

आमच्या जत्रेत, कुस्त्या संपल्यावर, संध्याकाळी आमचा कार्यक्रम होता. पुण्याच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राचा मालक पाहुणा म्हणून आला होता, आणि मला त्याच्याकडे जायचं होतं. माझं वाजवणं ऐकून तो स्टेजवर चढला, माइकवरच म्हणाला, "घूं नाही, खरखर नाही! हा पिकअप आणला कुठून?"

स्टेजसमोर, माइक आणि गिटार दोन्हींचा आवाज येणाऱ्या बॉक्सला स्क्रूड्रायव्हर लावून, मूठ दातांत धरून चाचा उभे होते. पोरं त्यांच्याकडे बघून हसत होती. मोटारी भरणाऱ्या माणसाचं नाव पुण्याच्या माणसापुढे घ्यायची मला लाज वाटली. मी माइकवर म्हणालो, "इंपोर्टेड आहे. मुंबईहून मागवला."

चाचांचे डोळे मिटलेलेच होते.

दुसऱ्या दिवशी मी दुकानावर गेलो. ते नमाजाला गेले होते. चाचींना चाचपडत विचारलं, काल काही बोलले का? त्या म्हणाल्या, "त्यांना काय ऐकू येतंय, बाबा? कान कवाच गेलेत. तोंडाकडं बघून बोलत्यात. सांगू नको कुणाला, गिऱ्हाईक तुटंल."

मला आनंद झाला. हे कबूल करायला मला पंधरा वर्षं लागली.

पुण्यात दोन सीझन वाजवलं, मग नोकरी धरली. गावी जाताना एसटी आळेफाट्यावर थांबली की मी पलीकडच्या खिडकीतून बघायचो. अलीकडून ती पिवळी ओळ दिसायची. तिच्यासाठी एकही गिऱ्हाईक आलं नाही, हे मला न विचारता माहीत होतं.

शेवटी एकदा गिटार घेऊन उतरलो. चाचा वाळले होते. त्यांना ओठ दिसतील असा समोर बसलो आणि सगळं सांगितलं.

"ऐकलं व्हतं," ते म्हणाले.

"पण चाचा, तुमचे कान..."

"दातानं ऐकलं. घूंच नव्हती ना त्या दिवशी. तुझा शब्दन्‌शब्द साफ आला."

मला मान वर करता येईना. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली, तेव्हा मी बघितलं.

"पाटीवरची ती ओळ का नाही पुसली?" मी विचारलं.

"तू कधी आला तर दुकान घावाया पायजे ना." त्यांनी गिटार ओढून घेतली, ब्रिजपाशी अंगठा फिरवून धूळ काढली, आणि माझ्या मांडीवर ठेवली. "वाजव. दात तीनच राहिलेत, पण चालू हायेत."

मी तारा जुळवल्या. चाचांनी खाली वाकून गिटारचं लाकूड त्या तीन दातांत धरलं आणि डोळे मिटले. बाहेर मोटार घेऊन एकजण उभा होता. चाचांनी डोळे न उघडता त्याला हातानं थांबवलं.