भिंतीतली खडखड

श्रावणातल्या एका शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी ठरवलं, की आज दोडकं नको. एवढाच काय तो निर्णय. माणसं याहून मोठे निर्णय घेतात आणि सुखात राहतात. मी मटणाचा नान-खलिया घेतला, तोही बांधून, घरी न्यायला. (हॉटेलात बसून खाल्ला असता तर पुढचं काहीच झालं नसतं, पण आमचं निम्मं ऑफिस त्याच हॉटेलात श्रावण पाळायला बसलेलं असतं.)

घरी मटण बंद होतं, आणि ते माझ्यासाठीच बंद होतं. पाटबंधारे खात्यात मी कनिष्ठ लिपिक आहे, आणि इतकी वर्षं आहे की नव्या साहेबांना माझी ओळख फर्निचरबरोबरच करून देतात. माझी बढती व्हावी म्हणून आई, म्हणजे म्हाळसाबाई, खंडोबाला नवस बोलली होती: श्रावणभर तिच्या पायात चप्पल नाही आणि घरात वशाट नाही. देवगाव रंगारीच्या माळावर मेंढरांमागं वाढलेली बाई. तिला अनवाणी चालण्याचं अप्रूप नव्हतं. पण उस्मानपुऱ्याच्या कायम खोदलेल्या रस्त्यावरून, खडीतून पाय उचलत ती दूध आणायला निघाली की मला मनापासून वाईट वाटायचं. शुक्रवारी दुपारी ते वाईट वाटणं थोडा वेळ बंद होतं.

आता आमच्या मशीनबद्दल सांगायला हवं. रस्त्याच्या धुळीनं माझी बायको आशा दिवसभर शिंकायची. म्हणून घर बांधताना मी सेंट्रल व्हॅक्यूम बसवून घेतलं. मशीन जिन्याखालच्या खोलीत, तिथून पाईप भिंतींच्या आतून सगळ्या घरात, आणि प्रत्येक खोलीत भिंतीला एक झाकणाचं भोक. भोकात लांब सोंड लावायची, बटण दाबायचं, की केर भिंतीत गडप. पाहुण्यांना आधी मशीन दाखवायचं आणि मग चहा, अशी पद्धतच मी पाडली होती. ‘यंत्राचं कुणी बघायचं नाही, यंत्राचं मी बघीन,’ असं जाहीर करून जिन्याखालच्या खोलीची किल्लीही मी माझ्याच खिशात ठेवली होती. (या वाक्याची नंतर फार किंमत मोजावी लागली.)

तर शुक्रवारी आई आणि आशा करमाडला एका बारशाला गेल्या होत्या. मी वरच्या खोलीत बसून खलिया संपवला. उरलेली हाडं पिशवीत बांधून पिशवी ऑफिसच्या बॅगेत टाकली. हातात शेवटची मगजाची नळी होती, तेवढ्यात फाटक वाजलं. बारसं लवकर आटोपलं होतं. बॅग बंद झाली होती, खिडकीखाली शेजारचे काकासाहेब कुंड्यांना पाणी घालत उभे होते, आणि जिन्यावर आईची पावलं. समोर भिंतीला सोंड लावलेलीच होती. मी बटण दाबलं आणि हाड सोंडेच्या तोंडाशी धरलं.

हाड गेलं. आणि भिंत बोलायला लागली. खड, खडखड, खडाड... आवाज जिन्याच्या कडेनं खाली उतरला, हॉलपर्यंत गेला आणि तिथं थांबला.

आई जिन्यातच थबकली. “आशे, भितीत उंदीर शिरला गं.”

“मशीनचा आवाज आहे तो,” मी वरून ओरडलो. “केर ओढतंय.”

“केराला हाडं असत्यात व्हय?” आई म्हणाली. तिनं ते सहज म्हटलं होतं, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

रविवारी सकाळी आशानं हॉलमध्ये सोंड फिरवली आणि मला हाक मारली.

“अहो, हे ओढतच नाहीये. साधी शेंगदाण्याची सालपटं जागची हलत नाहीत.”

ही वेळ येणार, हे मला माहीत होतं. पाईप कुठं तुंबला आणि कशानं तुंबला, हे साऱ्या शहरात मला एकट्यालाच ठाऊक होतं.

“मेकॅनिकला फोन केलाय,” आशा म्हणाली. “बद्रीनाथ म्हणून आहे. उद्या संध्याकाळी येतो. पाईपात काही अडकलं असेल तर भिंत फोडून काढू म्हणाला.”

भिंत फुटणार, त्यातून हाड निघणार, आणि ते आईच्या समोर पडणार. उद्या श्रावणी सोमवार. संध्याकाळी गल्लीतल्या बायका पोथी ऐकायला आमच्याच हॉलमध्ये यायच्या होत्या. मी गच्चीवर जाऊन कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन लावला.

“सर, मशीनची ओढ कमी झाली असेल तर आधी डबा—” पलीकडची मुलगी म्हणाली.

“डब्याचं सोडा. पाईपात काही अडकलं तर काय करायचं?”

“काय अडकलंय सर?”

“समजा, एखादी कडक वस्तू.”

“लहान मुलाचं खेळणं?”

“नाही. मोठ्या माणसाचं.”

तिनं बहुधा ते लिहून घेतलं. “ठीक आहे सर. पण त्याच्या आधी डबा एकदा—”

“ताई, डबा नको. पाईप.”

मग तिनं सांगितलं, की प्रत्येक खोलीतल्या भोकावर तळहात ठेवून ओढ कुठं किती आहे ते बघा. आणि अडकलेल्या जागेच्या सगळ्यात जवळच्या भोकाला दुसरं, साधं व्हॅक्यूम लावून उलट्या बाजूनं ओढा. वस्तू आली त्या वाटेनं परत येईल. माणसाची अब्रू अशी परत येत असती तर किती बरं झालं असतं.

मी घरभर भिंतींवर तळहात ठेवत फिरलो. सगळीकडं ओढ सारखीच मेलेली. याचा अर्थ काय, हा विचार हुशार माणसानं केला असता. मी हॉलच्या भिंतीला कान लावून उभा राहिलो.

“ताप हाय का तिला?” आईनं विचारलं. ती पाटावर बसून टाचेत रुतलेला खडा काढत होती.

साधं व्हॅक्यूम गल्लीत एकट्या काकासाहेबांकडं होतं. सोमवारी मी अर्धी रजा टाकून ते मागायला गेलो. पण काकासाहेब वस्तू उसनी देतात ती स्वतःसकट. ते व्हॅक्यूम घेऊन आले, बसले, चहा प्याले, गुडघ्यांची चौकशी माझ्याकडून करून घेतली, मग दुसरा चहा प्याले. मी घड्याळाकडं बघत होतो. शेवटी त्यांनी हॉलमधल्या भोकाला आपला पाईप लावला, आणि तेवढ्यात गल्लीतल्या चतुराबाई पोथीच्या सगळ्या बायकांना घेऊन दारात उभ्या राहिल्या.

“राहू द्या काकासाहेब,” मी म्हणालो. “नंतर बघू.”

“आता कशाला नंतर?” म्हणत त्यांनी बटण दाबलं.

भिंत पुन्हा बोलायला लागली. या वेळी आवाज जवळ जवळ येत होता. बायका चटईवर बसता बसता थांबल्या. काकासाहेबांच्या पाईपाच्या तोंडाशी काहीतरी येऊन गच्च बसलं. त्यांनी पाईप खसकन ओढला. टण्ण असा आवाज झाला आणि ती वस्तू फरशीवरून घरंगळत थेट पोथीच्या चौरंगापाशी जाऊन थांबली.

आईनं चष्मा चढवला, पदर नाकाला लावला आणि वाकून पाहिलं.

“मांजर,” मी म्हणालो. “मांजरानं आणलं असणार. काकासाहेब, तुमचाच तो बोका.”

“माझा बोका?” काकासाहेब म्हणाले. “त्रिंबकराव, तो जेवल्यावर तुमचं मशीन लावतो का?”

“मांजराचं काम न्हाई हे,” आई खालीच बघत म्हणाली. “ही बोकडाची नळी हाय. मांजरानं आतून चाटून लख्ख केली असती. हितं मगज तसाच ठिवलाय.” मग तिनं मान वर केली आणि चष्म्यातून माझ्याकडं पाहिलं. “आमच्या उभ्या खानदानात नळी अशी अर्धी टाकणारा एकच हाय. ल्हानपनापसून सांगून दमले, तोंड लाव अन् वढ. ह्याला वढताच येत नाय.”

चतुराबाईंनी पदरात तोंड लपवलं. काकासाहेबांनी लपवलंही नाही.

“तरीच!” आई म्हणाली. “म्या म्हणते खंडोबा ऐकतो कसा नाय. म्या खडीतून पाय फोडून घेऊन ऱ्हायले, अन् ह्याची बढती हितं भितीत अडकून बसली!”

तिच्या टाचेला हळदीचं फडकं बांधलेलं होतं. मला इतकी लाज वाटली, की त्या भोकातून मीच ओढला जावा असं वाटलं. पण माणूस अशा वेळी गप्प बसत नाही, हाच त्याचा घोळ.

“झालं ते झालं,” मी म्हणालो. “निदान मशीन तरी मोकळं झालं.” आणि आमची सोंड लावून बटण दाबलं.

शेंगदाण्याची सालपटं जागची हलली नाहीत.

आशानं भोकावर तळहात ठेवला, काढला आणि माझ्यापुढं पसरला. “किल्ली.”

जिन्याखालची खोली उघडली. मशीनखाली एक मोठा डबा असतो, हे मला माहीत होतं. मी पाहुण्यांना तो बाहेरून दाखवतही असे. आशानं कड्या काढल्या. डबा गळ्यापर्यंत ठासून भरला होता. धूळ, केस, वाती, आईच्या घोंगडीची लोकर, असे थरावर थर. आणि आशानं हात घालून उकरलं तेव्हा अगदी तळाशी वास्तुशांतीच्या अक्षता निघाल्या.

“हा शेवटचा कधी रिकामा केला होता?” आशानं विचारलं.

“रिकामा करायचा असतो?” मी विचारलं.

म्हणजे त्या हाडाचा आणि बिघाडाचा काही संबंधच नव्हता. ते बिचारं पाईपाच्या वळणात, कुणाची वाट न अडवता, पडून होतं. मी गप्प बसून डबा रिकामा केला असता, तर ते तिथं घर पडेपर्यंत राहिलं असतं आणि मी घरचा सज्जन माणूस म्हणून मेलो असतो.

आई उठली, दाराशी गेली, मांडणीवरच्या आपल्या चपला काढल्या आणि पायांत घातल्या. मग माझ्या चपला उचलून मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवल्या.

“फुडला महिना तू,” ती म्हणाली. “हापिसात बी तसंच जायचं.”

तेवढ्यात छिन्नी-हातोडा घेऊन बद्रीनाथ आला. “कोणती भिंत फोडायची?”

“भित नगं फोडू, दादा,” आई म्हणाली. “मशीन बी चांगलंय. बिघाड हाय, पर तो कंपनीचा नाय. घरचाच माल हाय.”

बद्रीनाथला काही उलगडा झाला नाही. त्यानं सवयीनं विचारलं, “वॉरंटीत हाय का?”

“नाही,” आशा डब्यातला हात झटकत म्हणाली. “आणि बदलूनही मिळत नाही.”