विसोजी हरमळकरांच्या सायकलीची मोटर स्थिर जाहली, त्याची हकिकत

श्री. चालत्या चाकाचा जो धनी आणि अडल्या जिवाचा जो वाली, त्यास प्रथम दंडवत, मग हकिकत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी घाटमाथ्यावरील राज्यात गुरांचे वैद्य विसोजी हरमळकर चाकरीस होते. राज्य लहान, वाड्या सात, आणि साती वाड्यांस जोडणारा चढ एकच, दीड कोसाचा, नुसत्या खडीचा. विसोजींचे वय पंचावन्न, उजवा गुडघा कामातून गेलेला, सबब त्यांनी सायकलीस विजेची मोटर बसवून घेतली होती. ही मोटर चाकात नसे. दोन पायडलांच्या मधोमध, फ्रेमच्या पोटाशी लोंबे आणि चेनीस ओढ देई. तिच्या बळावर विसोजींची स्वारी औषधांची पेटी मागे बांधून चढ चढे, आणि रयत म्हणे, डॉक्टर आले, आता जनावर जगेल.

वद्य सप्तमीस तिसरे प्रहरी वरल्या वाडीहून भागाबाई गावडे यांचा फोन आला. बाई विधवा, शिवणयंत्रावर पोट भरणारी, गोठ्यात तांबू नामे एकच गाय. म्हणाल्या, "डॉक्टर, पाय दिसतायत पण डोकं येत नाही. लवकर या हो." विसोजी तत्काळ निघाले, आणि निम्मा चढ चढले तो पायाखाली टकटक आवाज येऊ लागला. उतरून पाहतात तो मोटर हलत्या दातासारखी हलते. जोर लावता वर उसळून फ्रेमवर आदळे, जोर सोडिता खाली लोंबे. मग पेटीतील पान्ह्याने हाती लागला तो बोल्ट आवळला आणि पुढे निघाले, आणि शंभर पावलांत पुन्हा टकटक, आणि मग हिसक्याने वायर तुटोन मोटर मुकी जाहली. मग विसोजींनी सायकल ढकलीत, गुडघा धरीत, उरला चढ पायी काटिला. पोहोचले तेव्हा दीड तास उलटला होता. खांद्यापर्यंत हात घालून वासराची मान सरळ केली आणि ओढून काढिले, आणि पेंढ्याने चोळिले, नाकात फुंकर घातली, परंतु श्वास आला नाही. गाय वाचली. भागाबाईंनी हात धुवायास पाणी दिले.

त्या दिवसापासून विसोजींच्या मनास चैन पडेना. वासरू आधीच गेले होते, की त्या दीड तासात गेले? विचार करावा तितका घोटाळा वाढे. मग त्यांनी तुटली वायर जोडून घेतली आणि ठरविले की मोटर पक्की केल्यावाचून चढावर जाणे नाही. मसलतीस दोन मातब्बर बोलाविले. एक अब्बास मिस्त्री, पाण्याचे पंप दुरुस्त करणारे. दुसरे काशिनाथ सुतार. मोटरीस डाव्या अंगाने एक पोलादी पट्टी दोन बोल्टांनी धरी, आणि पट्टीवर खाचांची गोल कडी आट्यांवर फिरून बसे. अब्बास मिस्त्री म्हणाले, "डॉक्टरसाहेब, डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. डावं पायडल बघा ना, उलटंच फिरतं."

काशिनाथ म्हणाले, "पायडलचं वेगळं, कडीचं वेगळं. सुलट फिरवा."

"तुम्ही लाकडात बघा, लोखंडात मी बघतो."

विसोजींनी मिस्त्रींचा मान राखून कडी उलट फिरविली, तो ती अलगद हातातच आली. मिस्त्रींनी कडी डोळ्यांशी धरून आटे पाहिले. मग छिन्नी आणि हातोडी घेऊन तीच कडी सुलट ठोकू लागले, तेव्हा दोन खाचांचे कोपरे उडाले. मग काशिनाथ म्हणाले की मोटर आणि फ्रेम यांमध्ये फट आहे तिथे सागवानी पाचर मारावी. मग शहरातील दुकानदारास फोन केला. तो म्हणाला, "सैल झालं असेल, घट्ट करा," आणि फोन ठेवता जाहला. मग विसोजींनी खाचांत बसणारा खास पान्हा आणि नवी कडी टपालाने मागविली, आणि ज्याने जे सांगितले ते वहीत लिहून काढिले. चार पाने भरली. कोणी म्हणे आट्यांस तेल लावा, कोणी म्हणे तेल लावाल तर सुटेल, आट्यांस धरून ठेवणारे निळे औषध लावा. वाचता वाचता विसोजींस डावे कोणते आणि उजवे कोणते हेही उमगेना. एकदा सायकल उलटी ठेवून पाहिली, तो सगळेच फिरले.

टपाल आले त्या दिवशी सकाळी भागाबाई तांबूसाठी कॅल्शियमची बाटली नेण्यास खाली आल्या. अंगणात गोणपाटावर सर्व सुटे भाग मांडिले होते आणि मध्ये विसोजी वही घेऊन बसले होते. बाईंनी वाकून ती पट्टी उचलली, बोट फिरविले आणि पुसिले, "ह्याला एका बाजूला दाते आहेत. ही बाजू कुठं होती?"

"बाहेर होती. दिसायची मला."

"माझ्या मशीनला कापड पुढं सरकवणारे दाते असतात, डॉक्टर. ते कापडाला लागले तर धरतात. हे वाऱ्याला लावून काय धरणार?"

विसोजींनी पट्टी हाती घेतली. गुळगुळीत बाजू इतके दिवस फ्रेमच्या रंगावरून घसरत होती, हे तेव्हा ध्यानी आले. रोगाचे निदान सापडल्यासारखे वाटले. मग बाईंनी खालच्या आवाजात पुसिले, "त्या दिवशी हे घट्ट असतं, तर वासरू जगलं असतं का?"

विसोजींनी पट्टी गोणपाटावर ठेविली. "मला माहीत नाही, भागाबाई. मी रोज विचार करतो. खरंच माहीत नाही."

बाईंनी मान हालविली. "नाही माहीत म्हणालात, बरं केलंत," म्हणाल्या, आणि बाटली पिशवीत ठेवून तिथेच बसल्या. मग पट्टी बसते तेथील रंग विसोजींनी खरवडून काढिला, आणि दाते आत करून पट्टी लाविली, आणि बाईंनी मोटर दोन्ही हातांनी वर दाबून धरली. आट्यांस निळे औषध लाविले. नवी कडी सुलट फिरवून खास पान्ह्याने आवळली, आणि अब्बास मिस्त्री बोलावल्यावाचून जोर मोजणारा पान्हा घेऊन आले आणि काटा चाळिसावर येईतो शेवटचा पीळ त्यांनीच दिला. मग दोन बोल्ट आवळले. काशिनाथ रुसू नयेत म्हणोन सागवानी पाचरही मारिली, आणि वरून भागाबाईंनी जाड नाडीचा दुहेरी पट्टा शिवून मोटर फ्रेमशी बांधिली.

पौष शुद्ध चतुर्थीस वरल्या वाडीच्या लखू झोरे यांची म्हैस अडली. विसोजी निघाले. साऱ्या चढभर कान खाली, खडीचा प्रत्येक खडखडाट टकटकीसारखा ऐकू येई, आणि दोन वेळा थांबून मोटर हाताने हालवून पाहिली. ती हालली नाही. वेळेत पोहोचले. रेडकाचा पुढला पाय दुमडला होता तो सरळ केला, मग ओढिले, आणि रेडकू ओले, काळे, शिंकत बाहेर आले. विसोजींस एकाएकी रडू कोसळले, आणि लखू गोंधळून म्हणाला, "अहो डॉक्टर, जिवंत आहे ते!"

मग राज्यात वाद लागला. मिस्त्री म्हणत, माझ्या काट्याने धरली. सुतार म्हणत, पाचरीने. दुकानदार म्हणे, मी सांगितलेच होते. विसोजींनी एक दिवस पान्हा हाती घेतला की एकेक उपाय काढून पाहावे म्हणजे खरे ते कळेल. परंतु बोल्टावर पान्हा ठेविला आणि तसाच उचलला.

येणेप्रमाणे मोटर स्थिर जाहली. कोणत्या उपायाने जाहली हे विसोजींस ठाऊक नाही, लिहिणारासही नाही. वरल्या वाडीस रेडकू चौथे दिवशी गोठाभर उड्या मारू लागले, इतके मात्र सर्वांनी पाहिले. लेखनसीमा.