मानेअण्णांची नैतिक शिक्षा

मानेअण्णांच्या घरात फोनवर कुणी ‘निघालोय, वाटेतच आहे’ म्हणालं, की अण्णा मागून ओरडणार, ‘अजून आंघोळ व्हायचीय!’ बंगळुरात हे वाक्य बोलल्याशिवाय कुणाचा दिवस जात नाही, म्हणून अण्णांचा घसा कायम बसलेला. सुनेनं एकदा ऑफिसला ‘ताप आलाय’ कळवलं, तर हे थर्मामीटर घेऊन शेजारी उभे. ‘स्वल्प खरं बोला, सरी?’ म्हणजे जरा खरं बोला, बरं का, हे त्यांचं पालुपद.

सर्जापूर रोडला आमचे फ्लॅट समोरासमोर. त्यांचं घराणं इथं पिढ्यानपिढ्या, मराठीत अर्धी कानडी. मी बेळगावकडचा. चौथीत शाळा सोडली आणि पीण्या भागातल्या एका कारखान्यात लेथवर जन्म काढला. शिक्षण कशाला, यावर खालच्या बाकावर बसून आमचं रोज भांडण.

‘पोर शाळेत जातं ते खरं वागायला शिकायला. बाकी सगळं फोनमध्ये आहे, जाधव.’

‘ते मला लेथनं शिकवलं. केसभर चूक झाली तरी कातलेला तुकडा बोलतो, लपवता येत नाही. शाळा आपली पोटासाठी.’

‘मग तू चौथीतच का पळालास?’

‘भूक लागली म्हणून.’

एका मंगळवारी अण्णा आले, पण भांडले नाहीत. खिशातून एक चिठ्ठी काढली. त्यांची नात सान्वी तिसरीत आहे, तिच्या डायरीत हिंदीच्या बाईंनी डकवलेली. ‘शनिवार को नैतिक शिक्षा. दादा-दादी साथ आएँ.’

‘वाच,’ म्हणाले. ‘शिक्षा. तीही नैतिक. म्हणजे अभ्यासाची नव्हे. खोटं बोललीय पोर.’

मी दोनदा वाचलं. मराठीत शिक्षा म्हणजे शिक्षा, कानडीत शिक्षे म्हणजेही शिक्षाच. शंकेला जागा नव्हती आणि मी तसं ठणकावून सांगितलं. फक्त ‘दादा’शी अडलो, कारण सान्वीला थोरला भाऊ नाही. घरातला थोरला पुरुष, असा अर्थ मी लावला.

‘पोरीलाच विचारा की.’

‘आणि माझ्या तोंडावर खोटं बोलली तर? मग मी काय करू, जाधव?’

मी चिठ्ठीची घडी घालून ती त्यांच्या खिशात परत ठेवली.

ते चार दिवस वाईट गेले. सुनेनं विचारलं, ‘आप्पा, डायरीत काही होतं का?’ अण्णा म्हणाले, ‘काही नाही.’ हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मुलगा मोहन बापाशी कामापुरतंच बोलतो. तो सोफ्यावर पडून फोनवर ‘सिग्नलला अडकलोय’ म्हणाला, तरी अण्णा गप्प. तेव्हा मात्र सून घाबरली आणि बीपीचं मशीन घेऊन आली. सान्वी खाली खेळत असली की अण्णा गॅलरीतून तिच्याकडे बघत राहायचे. ‘शाळेतून काढतील का रे?’ मला पुन्हा पुन्हा विचारायचे. ‘का सगळ्यांसमोर उभी करतील?’ काढून टाकण्यापेक्षा या दुसऱ्याचीच त्यांना जास्त धास्ती.

शनिवारी सान्वी बसनं गेली, आम्ही मागून रिक्षानं. मी साक्षीदार म्हणून.

वर्गात पोरं जमिनीवर आणि म्हातारी माणसं इवल्याशा खुर्च्यांवर. अण्णा बसलेच नाहीत. बाईंपुढे हात जोडून आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, ‘मॅडम, शिक्षा मेरे को दो. बच्ची को सबके सामने मत खडा करो. सबके सामने खडा किया ना, तो बच्चा बाद में घर में बात नहीं करता.’

बाई बघतच राहिल्या. मग त्यांना उमगलं. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आज गोष्टींचा तास होता, आजी-आजोबांनी एकेक गोष्ट सांगायची. सगळा वर्ग हसला. मीही हसलो, जरा उशिरानं. सान्वीनं हाताला धरून आजोबांना खुर्चीत बसवलं. त्यांना एकही गोष्ट आठवेना, म्हणून त्यांच्या वाटची तिनंच सांगितली.

परतताना मी हिंदी भाषेला नावं ठेवत होतो. अण्णांचं लक्ष नव्हतं. त्यांनी मोहनला फोन लावला. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकरवर.

‘मोहन, तू सहावीत असताना मी शाळेत येऊन तुला सगळ्यांपुढं उभं केलं होतं. दुसऱ्या पोराची वही चोरलीस म्हणून. ती वही तू घेतली नव्हतीस. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.’

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवायचा थांबवला.

‘मला काही आठवत नाही, आप्पा,’ मोहन म्हणाला. ‘जेवायला थांबलोय तुमच्यासाठी. या.’

अण्णांनी फोनवर तळवा ठेवला. ‘खोटं बोलतोय,’ माझ्याकडे वळून पुटपुटले.

मग तळवा काढून म्हणाले, ‘बरं. येतो.’