गोल केंकेची लांब पेटी

मेलेल्या माणसाला शोभेल अशी शवपेटी निवडण्यात आख्ख्या टेशी गावात माझा हात कुणी धरू शकत नाही, अशी माझी खात्री होती. आमच्याकडे कोळी गेला की त्याला माशाच्या आकाराची पेटी द्यायची हे कुणीही सांगेल. पण कोणता मासा, हे मला विचारायला यायचे. शेजारचे मास्तर गेले तेव्हा पेनाच्या आकाराची पेटी मीच सुचवली होती, तीही बिनटोपणाच्या पेनाची. कारण मास्तरांनी जन्मात कधी पेनाला टोपण लावलं नाही. खिशावर शाईचा डाग कायमचा. पेटी बघून त्यांची बायको रडता रडता हसली होती. पेटी अशीच हवी. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही कळायला हवं, की आज कोण चाललंय.

आणि मग माझी स्वतःची आईच गेली.

आमेर्ले केंकेवाली म्हटलं की बाजारात कुणालाही पुढचं सांगावं लागत नसे. मक्याचं आंबवलेलं पीठ शिजवायचं, त्याचे गोळे करून कणसाच्या सालीत गुंडाळायचे आणि पुन्हा उकडायचे, की झालं केंके. आम्हा गा जमातीच्या लोकांचं केंके गोल. आईच्या समोरच आराबा बसायची, ती फांटी जमातीची. त्यांचं केंके लांबट, केळीच्या सुक्या पानांत बांधलेलं. माझ्या जन्माच्या आधीपासून या दोघींचं हाडवैर! आई आराबाच्या केंकेला उशी म्हणायची, आराबा आईच्या केंकेला चेंडू म्हणायची. गिऱ्हाइकं पोट भरायला येत, पण भांडण ऐकायला जरा जास्त वेळ थांबत.

तेव्हा पेटी कसली करायची हा प्रश्नच नव्हता. गोल केंके, कणसाच्या सालीतलं. आमच्या घराण्यात एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं, तिथेच खरं तर मी सावध व्हायला हवं होतं.

ओडोई मिस्त्रींच्या शवपेट्यांच्या कारखान्यात गेले तेव्हा एक अर्धवट रंगवलेला खेकडा उन्हात वाळत होता. मिस्त्रींनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि आईची उंची विचारली. आई पपईच्या झाडासारखी, सडसडीत आणि उंच. त्यांनी डोकं खाजवलं. म्हणाले, एवढी उंच बाई गोळ्यात आडवी झोपवायची तर गोळा इतका मोठा होईल, की अंगणाची भिंत पाडावी लागेल. नाहीतर तिला गुडघे पोटाशी घेऊन बसवावं लागेल.

बसवायचं? माझी आई जन्मभर बसलीच होती. पहाटेपासून चुलीपुढच्या त्या बुटक्या स्टुलावर, धुरात, पाय दुमडून. रात्री ते पाय सरळ होत नसत, मी चोळून द्यायचे.

"थोडी लांबवा," मी म्हटलं. "पाय पसरून झोपू दे तिला."

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण सगळ्यांना विचारून काम करते असं दाखवायची मला हौस. म्हणून घरच्यांना सांगितलं, जाता येता नजर टाकून या.

लार्टेदादाने नजर टाकली. तो आणि त्याचे मित्र रीतीप्रमाणे पेटी खांद्यावर घेऊन नाचणार होते. सालीचे झुपके मानेला टोचतील, असं त्याचं म्हणणं पडलं. त्याने मिस्त्रींना झुपके काढून चांगल्या रुंद, गुळगुळीत पट्ट्या बसवायला सांगितल्या. मग डेडे मावशी गेली. तिला तो पिवळट रंग आजारी वाटला. माझी बहीण कावीळ झाल्यासारखी जायला नको, म्हणाली, आणि छानपैकी तपकिरी करायला सांगून आली. यातलं कुणी कुणाला काही बोललं नाही. ओडोई मिस्त्री स्वभावाने गरीब. त्यांनी सगळ्यांचं ऐकलं.

शनिवारी सकाळी पेटी घेऊन गाडी दारात आली. लाल-काळे सुतकी कपडे घातलेली माणसं अंगणात मावत नव्हती, ढोलवाले ढोल तापवत होते. पेटीवर चादर होती. ती ओढायचा मान माझा. मी एकदा सगळ्यांकडे बघून घेतलं आणि जादूगारासारखी चादर ओढली.

ढोल थांबले.

मावशी हळूच म्हणाली, "कोर्कोर, हे काय आहे?"

"केंके," मी म्हटलं.

"कुणाचं?"

लांबट होतं. तपकिरी होतं. रुंद पानांत नीट बांधलेलं होतं. फांटी केंके! इतकं हुबेहूब, की सोबत तळलेला मासा तेवढा ठेवायचा राहिला होता. मागे कुणीतरी खुसफुसलं, की आराबा गेली का काय?

दादा मावशीकडे बघायला लागला, मावशी माझ्याकडे, आणि आम्ही तिघं मिळून मिस्त्रींकडे. मिस्त्री टोपी हातात घेऊन म्हणाले, की त्यांना वाटलं, घरच्यांचा विचार बदलला असेल. रंगवायला आता वेळ नव्हता. दादा म्हणाला, वरून आईचं लुगडं टाकून झाकून नेऊ. पण झाकलेली पेटी टेशीत नेणार कशी? लोक बघायलाच तर आले होते. दुसऱ्यांच्या पेट्यांत अक्कल पाजळली आणि सख्ख्या आईला मी वैरिणीच्या पानांत गुंडाळून पाठवत होते.

तेवढ्यात गर्दी आपोआप बाजूला झाली आणि आराबा आली. काळं नेसलेली, काठी टेकत. तिने पेटीला एक फेरी घातली. मग रुंद पानावरून हात फिरवला, आपल्या दुकानातला माल चाचपावा तसा.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" ती म्हणाली.

मावशीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"मला बजावलं होतं तिने, पोरांना कळलं तर जीव घेईन म्हणून. रोज दुपारी, गर्दी सरली की मासे धुरवायच्या भट्टीमागे यायची. माझी उशी ती खायची, तिचा चेंडू मी. म्हणायची, आराबा, सकाळपासून माझ्याच केंकेचा वास घेऊन माझं डोकं उठतं गं."

मावशीने विचारलं, की मग ती भांडणं?

"त्याशिवाय गिऱ्हाईक थांबलं असतं का तुमच्या बाजारात?" आराबा म्हणाली. पेटीवरचा हात तसाच होता. "आता दुपारी मी कुणाबरोबर जेवू, आमेर्ले?"

मी तिच्याजवळ गेले आणि तिचा हात धरला. तिच्या बोटांना आईच्या बोटांसारखाच आंबूस वास होता.

मग आईला आत पाय पसरून झोपवलं, दादाने आणि त्याच्या मित्रांनी पेटी उचलली आणि ते असे नाचले, की आई आत हिंदकळून जागी होईल असं वाटलं. माणसं रडत होती आणि एकमेकांना सांगत होती, की पोरीने आईच्या मनातलं काय शोधून काढलं बघा. मावशी तर छाती पुढे काढून सांगत होती. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखाने.

कबरीपाशी सगळं आटोपल्यावर आराबाने मला बोलावलं. म्हणाली, "माझी वेळ आली की माझी पेटी तूच बघायचीस, पोरी. तिच्या केंकेची. गोल, कणसाच्या सालीतली."

मी डोळे पुसत शब्द दिला. शेजारी ओडोई मिस्त्री उभे होते. त्यांनी आराबाला नखशिखान्त न्याहाळलं आणि ते हळूच खाकरले.

"गोल केली तर बाईंना बसावं लागेल," ते म्हणाले.

"मग असं करा," मी म्हटलं, "थोडी लांबवा..."

पुढचं मला बोलता आलं नाही. डेडे मावशीने माझ्या तोंडावर हात ठेवला होता.