सगळ्यात सावकाश येणारं पीक

मी वर्गात बोलत नाही. हजेरीला 'हजर' म्हणते तेवढंच, आणि तेही बाईंपर्यंत पोहोचत नाही, म्हणून वर्षातून पाचसहा दिवस माझी उगाच गैरहजेरी लागते.

या वर्षी शाळा सुरू झाल्या झाल्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं, की प्रत्येकाने घरी काहीतरी लावायचं आणि सत्राच्या शेवटी ज्याचं पीक तयार असेल त्याने वर्गासमोर दहा मिनिटं बोलायचं. तयार नसेल त्याने नुसती वही द्यायची. बाकीच्या मुली टोमॅटो लावायचा की झेंडू यावर भांडायला लागल्या. मी मात्र त्याच दिवशी ठरवून टाकलं, की जगातलं सगळ्यात सावकाश येणारं पीक शोधायचं. (बाई आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. जिना चढताना मी आधी कानोसा घेते, मगच पाय टाकते.)

नर्सरीवाल्या आजोबांनी मला मळकट, बोटाएवढा एक तुकडा दिला. "हे हॉर्सरॅडिश. मुळ्याचा लांबचा भाऊ समज. किसलं की मोहरीसारखं थेट नाकात जातं. कोणी नेत नाही."

"तयार व्हायला किती दिवस?" हे मी इतक्या हळू विचारलं, की ते दोनदा "काय?" म्हणाले.

"वर्ष तरी धर. पण एकदा का लागलं, की मग..." असं म्हणून ते हसले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

'की मग काय?' हे विचारायला हवं होतं. पण एक प्रश्न विचारूनच मी दमले होते.

बाबा घरं रंगवायचं काम करतात, त्यामुळे आमच्या बाल्कनीत रंगाच्या रिकाम्या बादल्यांना तोटा नाही. आईचा पुदिना 'लिंबू पिवळा'मध्ये आहे, मिरची 'सागरी निळा'मध्ये आणि गुलाब 'मोतिया'मध्ये. माझ्या तुकड्याला 'विटकरी' मिळाली. बाबांनी बुडाला भोकं पाडली, माती भरली आणि म्हणाले, "आता बघच, पोरी. तुझं पीक वर्गात पहिलं आलं पाहिजे."

मला तेच नको होतं. पण बाबांचा उत्साह हा घरातला रंग आहे. ओला असताना हात लावायचा नसतो.

तीन आठवड्यांत हातभर पानं आली. तीन महिन्यांत 'विटकरी' बादलीचा रंगच दिसेना. बाबा रोज कामावरून आले की आधी पानं मोजायचे, मग चपला काढायचे. माझी झोप उडाली. हे असंच चाललं तर पीक वेळेआधी येणार आणि मला उभं राहावं लागणार!

म्हणून दर रविवारी दुपारी, आईबाबा आडवे झाले की मी जेवणातला जुना काटा घेऊन बाल्कनीत जायची आणि मूळ थोडं थोडं तोडायची. तुकडे कचऱ्यात टाकायची सोय नव्हती, कारण आमच्या घरात कचऱ्यातूनही आई रोज एखादी 'चांगली' वस्तू परत काढते. मग मी ते पुदिन्याच्या, मिरचीच्या, गुलाबाच्या मातीत खोल पुरून टाकले. पुरलं की संपलं, असं मला वाटलं.

हॉर्सरॅडिशचा पुरला जाण्याबद्दल काही वेगळाच समज असावा. महिन्याभरात चारही बादल्यांत तीच पानं.

"अहो, माझा पुदिना कुठे गेला?" आईने विचारलं. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकून आली, की घरी तिला कुठलाच नवा प्रश्न नको असतो.

बाबांनी निरखून पाहिलं. "आहे की. मोठा झालाय बहुतेक."

"आणि गुलाब?"

"तोही."

आईने एक सुस्कारा सोडला आणि आत जाऊन पाठ टेकली.

सत्र संपायला आठवडा उरला होता. रविवारी सकाळी बाबांनी खुरपं उचललं. "बघू तरी काय आलंय!"

"बाबा, नको! अजून तयार नाहीये."

"तयार नाही कसं? माझ्या बादलीत आहे ते." त्यांनी खेचून पांढरंशुभ्र, जाडजूड मूळ बाहेर काढलं, धुतलं, सोललं आणि मिक्सरमध्ये घातलं. स्वयंपाकघराच्या खिडकीला त्यांनी त्याच सकाळी रंग दिला होता. धूळ बसू नये म्हणून ती घट्ट बंद होती. मी बाल्कनीत उरलेली मुळं मातीत दडपत होते. मिक्सर थांबला. बाबांनी झाकण काढलं आणि (माणूस रंगाचा वास घेऊन घेऊन निर्ढावलेला) नाक थेट भांड्यात घातलं.

आधी बाबांचा आवाज आला. तो शब्द नव्हता. मग आई "काय झालं?" म्हणत आत धावली आणि तिचाही आवाज बंद झाला. दोघं भिंत चाचपत बाहेर पडली आणि जिन्याच्या पायरीवर तोंडाला टॉवेल लावून बसली. डोळ्यांतून धारा. मी नाक दाबून, डोळे घट्ट मिटून त्यांच्या मागोमाग जिन्यात आले.

समोरच्या काकूंनी दार उघडलं. "अगं बाई! कोण गेलं?"

बाबांना जिन्यातली वरची खिडकी उघडून हवी होती. बोलता येईना, म्हणून त्यांनी वर बोट दाखवलं.

"गेले?" काकू मटकन बसल्या. "तुमचे मामाच ना, वहिनी? आजारीच होते. रडा, मोकळ्या व्हा."

आईने मान हलवून 'नाही' म्हटलं. त्यावर काकू म्हणाल्या, "पटत नाही गं, कुणालाच लवकर पटत नाही."

पाच मिनिटांत सगळा जिना भरला आणि आमच्या उघड्या दारातून येणाऱ्या वासाने सगळेच डोळे पुसायला लागले. कोणी पाणी आणलं, कोणी बाबांचे खांदे दाबले. एक आजोबा तर मामांना न बघताच म्हणाले, "फार सरळ माणूस." तेवढ्यात काकूंनी फोन काढला. "मी मामींशी दोन शब्द बोलते."

मामींकडे फोन गेला असता तर तो मामांनीच उचलला असता.

मी आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. दोघांकडूनही काही आशा नव्हती. संपूर्ण जिन्यात कोरड्या डोळ्यांची मी एकटीच.

"थांबा!" मी ओरडले. माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाही तेव्हाच कळलं.

मग सगळं सांगावं लागलं. हॉर्सरॅडिश म्हणजे काय, ते किसलं की काय होतं, आणि कोणी मेलेलं नाही. लोकांचा विश्वास बसेना, म्हणून चार बादल्या का भरल्या तेही. तोडलेला प्रत्येक तुकडा कसा नव्याने उगवतो, तो मी कुठे पुरला आणि का पुरला. टॉवेलाआडून आई म्हणाली, "माझा पुदिना!"

मी थांबले तेव्हा वरच्या पायरीवरून कोणीतरी टाळी वाजवली. बाई.

"बाई," मी म्हणाले, "पीक अजून तयार नाही."

"दिसतंय ते," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "अगं, पण ते बोलणं मी मागच्याच आठवड्यात रद्द केलं. बेचाळीस मुलांना वेळ कुठून आणू? फळ्याशेजारी सूचना लावली होती."

मी फळ्याशेजारून जाताना खाली बघते.

"पण तू इतकं छान बोलतेस, हे मला माहीतच नव्हतं. उद्या शाळा भरताना मैदानावर, सगळ्या शाळेसमोर हेच सांग."

म्हणजे अख्ख्या वर्गात बोलावं लागणारी मी एकटी.

संध्याकाळी मी बाबांना विचारलं, की किसलेलं मूळ डब्यात नेऊन तिथे झाकण उघडलं तर? पहिल्या चार रांगांचे तरी डोळे मिटतील. बाबांनी गंभीरपणे विचार केला. "चालेल की. फक्त त्याचा जोर वीस मिनिटांत उतरतो. तुझा नंबर कधी आहे?"

मुख्याध्यापकांच्या अर्ध्या तासाच्या भाषणानंतर.