कॅसेटची दुसरी बाजू

हेरंबच्या कॅसेटला दोन बाजू होत्या आणि दोघींचं एकमेकींशी मुळीच जमत नव्हतं. पहिल्या बाजूला सिंथेसायझरवरची कोळीगीतं होती. ती चंदूशेटना हवी होती, आणि लालबागचे चंदूशेटच कॅसेट काढणार होते. दुसऱ्या बाजूला हेरंबची कला होती. 'यंत्राचा आक्रोश' असं तिचं नाव. त्याच सिंथेसायझरवर बावीस मिनिटं कापड विणायच्या साच्यांची खडखड आणि शेवटी गिरणीचा भोंगा. संपात बंद पडलेल्या गिरणीचं दुःख ऐकून माणसांची झोप उडावी, एवढीच त्याची माफक अपेक्षा होती.

"खडखड कोण विकत घेणार रे?" चंदूशेट म्हणाले. "दोन्ही साइडला कोळीगीतं टाक. पब्लिकला नाचायला पाहिजे."

"एक सेकंदसुद्धा कापणार नाही, शेट!"

शेवटी ठरलं, की चाळीच्या सत्यनारायणाला दोन्ही बाजू लावायच्या. आक्रोश चालू असताना एक जरी माणूस उठला, तर आक्रोश कट.

पूजेच्या दुपारी जेवणं झाल्यावर कोळीगीतं लागली आणि चाळीतल्या म्हाताऱ्या कमलाबाईंसकट अख्खी गॅलरी नाचली. चंदूशेटनी हेरंबकडे बघून नुसती भुवई उडवली. मग बाजू पालटली.

हेरंबचे वडील, अप्पा, अठ्ठावीस वर्षं साच्यांवर होते. पोराच्या संगीताबद्दल त्यांनी आजवर एक अक्षर काढलं नव्हतं. दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी मान खाली घातली. हेरंबला भरून आलं. तेवढ्यात अप्पा घोरायला लागले.

पाठोपाठ दगडू, मग तुळशीदास. सगळे जुने गिरणीवाले भिंतीला टेकून गाढ झोपले. हेरंब अप्पांना हलवायला धावला, तर चंदूशेटनी त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नको! कोण उठलंय का? चालू दे."

बाविसावं मिनिट संपलं आणि भोंगा झाला. सगळे धडपडून उठले. अप्पा तर चपला घालून जिन्यापर्यंत पोचले.

"माझो डबो खंय?" ते ओरडले. मग त्यांना चौरंग दिसला, प्रसादाचं पातेलं दिसलं, आणि ते तिथेच उभे राहिले.

कोणी हसलं नाही. हेरंबला हवा होता तो थरकाप अखेर उडाला, पण एकट्या हेरंबचाच.

अप्पा चपला काढून परत आले. "झिला, चार वर्सांनी अशी झोप लागली माका. ता परत लाव. भोंगो तेवढो काढ."

"अप्पा, अहो, ते दुःख आहे!"

"आसांदे. लाव."

चंदूशेट तर हिशेब विसरून हेरंबच्या गळ्यातच पडले. "दोन्ही साइडला खडखड भर! कोळीगीतं कॅन्सल. मध्येच पब्लिक जागं व्हायला नको."

कलेचा असा दणदणीत विजय झाला. त्याच संध्याकाळी हेरंबने, कोणी पुन्हा न सांगता, दाराला कडी लावून भोंगा कापला. वेष्टनावर 'यंत्राचा आक्रोश' हे नाव मात्र त्याने हट्टाने ठेवायला लावलं. त्याखाली चंदूशेटनी स्वतःहून एक ओळ छापली : 'जेवणानंतर लावावी.'